झीरोची २० मिमी कॅनन गेममध्ये खरी आहे का? जपानी विमानतोफा मोजून तपासण्याचा धागा

निरभ्र (धागाकर्ता)

दर मोठ्या अपडेटनंतर जपानी विमानांच्या धाग्यांवर तेच भांडण उकरून निघतं. एक गट म्हणतो, झीरो या जपानी नौदलाच्या फायटर विमानातल्या २० मिमी कॅननची (तोफेची) गेममध्ये मुद्दाम वाट लावली, दुसरा म्हणतो खऱ्या युद्धातही ती तशीच होती. आकडे मात्र कुणीच देत नाही. म्हणून हा धागा फक्त तोफांसाठी. कोणत्या विमानात नेमकी कोणती तोफ होती, तिचे खरे आकडे काय, आणि गेमने ते पाळलेत का हे आपापल्या आवृत्तीत मोजायचं कसं, एवढंच इथे बोलू. विमानयुद्धाचा गेम वॉर थंडर असो की जुना इल-२ १९४६, पद्धत तीच.

आधी पाया. जपानी नौदल आणि लष्कर यांची विमानदलं वेगळी होती आणि शस्त्रखरेदीही वेगळी. त्यामुळे एकाच देशात २० मिमीची पाच काडतुसं झाली, एकाचं दुसऱ्या तोफेत न चालणारं: नौदलाची २०×७२ आणि २०×१०१ (पहिला आकडा गोळ्याचा व्यास, दुसरा काडतुसाच्या पितळेची लांबी, दोन्ही मिमीत), लष्कराची २०×९४ आणि २०×१२५, शिवाय जर्मनीहून आणलेलं २०×८२. त्यामुळे 'जपानी २० मिमी'साठी जिथे एकच आकडा दिसेल तिथे तो कोणत्या काडतुसाचा हे आधी विचारा.

नौदलाची टाइप ९९ ही स्विस ओर्लिकॉनवरून परवान्याने बनवलेली. तिची दोन घराणी आहेत. टाइप ९९-१ आखूड नळीची, काडतूस २०×७२, नळीतून सुटताना गोळ्याचा वेग सुमारे ६०० मी/से. टाइप ९९-२ लांब नळीची, काडतूस २०×१०१, वेग सुमारे ७५० मी/से. दोन्हींचा मारा मिनिटाला ४९० ते ५२० च्या दरम्यान. आणि ज्यावरून सगळा घोळ होतो ती गोष्ट: दोन्हींचा गोळा जवळजवळ सारखाच, साधारण १२८ ग्रॅम, आत १० ग्रॅमच्या आसपास स्फोटक. फरक फक्त मागच्या दारूचा. त्यामुळे 'सुरुवातीच्या झीरोची तोफ कमकुवत' हे वाक्य अर्धवट आहे. गोळा लागला तर नुकसान तेवढंच. लागायला मात्र जास्त वेळ घेतो.

---

खटका

चांगला धागा. यंत्रणेबद्दल थोडी भर घालतो, कारण मारा कमी का आणि तोफ पंखातच का, या दोन्हींचं उत्तर तिथे आहे.

ओर्लिकॉन प्रकारात बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा भाग) नळीला कुलूपबंद होत नाही. जड बोल्ट पुढे धावत असतानाच, तो पूर्ण थांबण्याच्या आत, काडतूस पेटतं. स्फोटाच्या जोराचा मोठा भाग बोल्टचा पुढचा वेग मोडण्यात खर्च होतो आणि उरलेल्याने बोल्ट मागे येतो. म्हणून काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा अरुंद ठेवावी लागते, म्हणजे ते पकडणारा हूक काडतुसासकट चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या पोकळीत) शिरू शकतो. काडतूस दाबाखालीच सरकत असल्याने त्यावर मेण किंवा ग्रीसचा थर लागतो. तो नसेल तर पितळ चेंबरला चिकटून फाटतं.

फायदा असा की तोफ हलकी होते: ९९-१ साधारण २५ किलो, ९९-२ पस्तिशीच्या आसपास. तोटा असा की बोल्टचं वजन काडतुसाशी जुळवलेलं असतं, त्यामुळे तो हलका करून मारा वाढवता येत नाही. आणि उघड्या बोल्टवरून सुटणारी ही तोफ नेमकी कोणत्या क्षणी फुटेल हे पंख्याच्या पात्यांशी जुळवणं फार अवघड. म्हणून झीरोत ७.७ मिमीच्या दोन टाइप ९७ इंजिनावर, पात्यांमधून मारणाऱ्या, आणि २० मिमी पंखात.

गेममध्ये तपासायची पहिली गोष्ट इथेच मिळते. नाकातल्या, पात्यांमधून सुटणाऱ्या बंदुकांचा मारा पंखातल्या त्याच बंदुकीपेक्षा कमी दिसला पाहिजे. लष्कराच्या की-४३ फायटरच्या नाकातल्या १२.७ मिमी हो-१०३ ला पूर्ण ९०० चा मारा दिला असेल तर सिंक्रोनायझेशन (बंदूक पात्यांशी जुळवणं) धरलेलंच नाही.

---

घोडबंदर

उपप्रकारांचं लिहितो (को, ओत्सु, हेइ, तेइ म्हणजे आपल्या अ, ब, क, ड सारखे), कारण गेमच्या शस्त्रपत्रकात बहुतेक चुका याच जागी सापडतात.

मॉडेल २१ (ए६एम२): ९९-१, ड्रम (गोळ्यांचा गोल डबा) ६० गोळ्यांचा. ७.७ ला प्रत्येकी ५००.
मॉडेल ३२ (ए६एम३): अजून ९९-१ च, पण ड्रम १०० चा.
मॉडेल २२ को: इथे पहिल्यांदा लांब ९९-२ येते. पंखाच्या पुढे नळी बाहेर डोकावते, फोटोत चटकन ओळखू येते.
मॉडेल ५२ (ए६एम५): ९९-२, ड्रम १००.
५२ को: ९९-२ मॉडेल ४, ड्रम जाऊन बेल्ट (गोळ्यांचा पट्टा) आला, प्रत्येकी १२५.
५२ ओत्सु: नाकातल्या एका ७.७ च्या जागी १३.२ मिमी टाइप ३.
५२ हेइ: तीन १३.२ मिमी (एक नाकात, दोन पंखात) आणि दोन २० मिमी.

नावात दोन आकडे असतात, त्यांची गल्लत करू नका. 'टाइप ९९-१ मॉडेल ३' मधला १ म्हणजे आखूड घराणं आणि ३ म्हणजे त्यातली सुधारणा. कुणी नुसतं 'मार्क २' लिहिलं तर त्याला कोणता आकडा म्हणायचाय ते विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका.

झीरोच्या बाहेर पाहिलं तर शिदेन-काई (एन१के२-जे) मध्ये चारही ९९-२, सगळ्या पंखात. रायदेन (जे२एम३) मात्र खास आहे: पंखात दोन ९९-१ आणि दोन ९९-२, एकाच विमानात दोन वेगांचे गोळे. गेममध्ये रायदेनच्या चारही तोफांचा मारा एकाच वक्रात जाताना दिसला तर बग रिपोर्ट टाकायला हरकत नाही.

---

मुंग्याची_वाट

मग ए६एम२ ने ३०० मीटरवर ७.७ चे ट्रेसर (चमकत जाणाऱ्या गोळ्या) बरोबर लागतात आणि २० मिमी एकही लागत नाही, हा बग नाही का? दोन्ही एकाच बिंदूवर रोखलेल्या असतात ना?

---

निरभ्र

बग नाही, गणित आहे. ७.७ चा सुरुवातीचा वेग ७५० च्या जवळ, ९९-१ चा ६००. हवेचा अडथळा सोडून दिला तरी ३०० मीटरला ७.७ ला ०.४ सेकंद लागतात आणि २० मिमीला ०.५. तेवढ्या वेळात पहिली ७८ सेंमी खाली येते, दुसरी १ मीटर २३ सेंमी. म्हणजे ४५ सेंमीचा फरक. २०० मीटरला हाच फरक २० सेंमी असतो, ४०० ला सुमारे ८० सेंमी, ५०० ला सव्वा मीटरच्या जवळ.

त्याहून मोठी अडचण आडव्या लक्ष्यावर होते. समोरचं विमान तुमच्या नजरेला आडवं १०० मी/से ने जात असेल तर ०.१ सेकंदाच्या फरकात ते १० मीटर पुढे गेलेलं असतं. एका अख्ख्या फायटरच्या लांबीएवढं! ट्रेसर नेमके कॉकपिटवर दिसत असतील तेव्हा २० मिमीचे गोळे शेपटीच्या मागून जातात. रायदेनच्या दोन जोड्यांतही हाच फरक पडतो, म्हणून त्याने आडव्या लक्ष्यावर लांबून मारणं म्हणजे निम्मा दारूगोळा फुकट.

उपाय: कन्व्हर्जन्स (सगळ्या बंदुकांचे मारे जिथे एकत्र येतात ते अंतर) २०० ते २५० मीटरवर आणा आणि उभा कन्व्हर्जन्स चालू ठेवा, म्हणजे निदान त्या अंतरावर दोन्ही मारे एकत्र येतील. दोन्हींसाठी वेगळे ट्रिगर लावा. ७.७ ने अंदाज घेऊन २० मिमी सोडायची सवय २०० मीटरच्या आत आणि मागूनच उपयोगी आहे. त्यापलीकडे ७.७ चे ट्रेसर दिशाभूल करतात.

---

सह्यवारा

मोजायची पद्धत सांगतो. तीन गोष्टी मोजाव्या लागतात: मारा, वेग, नुकसान. या तिन्हींची एकत्र चाचणी घेऊ नका.

मारा. टेस्ट फ्लाइट उघडा, अमर्याद दारूगोळा बंद करा, स्क्रीन सेकंदाला ६० फ्रेमवर रेकॉर्ड करा. फक्त २० मिमीचा ट्रिगर दाबून ड्रम संपेपर्यंत धरा. एका तोफेच्या पहिल्या चमकेपासून शेवटच्या चमकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. ६० गोळ्यांत मधली अंतरं ५९ असतात हे ध्यानात ठेवा. ५२० च्या माऱ्याला ६.८ सेकंद लागले पाहिजेत, ४९० ला ७.२. स्क्रीनवर १२० दिसत असतील तर ते दोन तोफांचे मिळून आहेत. सलग दाबून धरल्यावर तोफ तापून अडकत असेल तर तापलेला भाग मोजमापातून काढा. छोटे बर्स्ट जोडून बेरीज करू नका, प्रत्येक वेळी ट्रिगर दाबण्या-सोडण्याची चूक मिसळते.

वेग. इथे सगळे फसतात ते एका कारणाने. धावपट्टीवर उभं राहून समोर गोळी मारायला जातात, पण झीरोला शेपटीचं चाक असल्याने उभ्या विमानाचं नाक वर असतं आणि गोळे लक्ष्यावरून जातात. मग लोक उडत्या विमानातून मोजतात आणि विमानाचा वेग वजा करायला विसरतात. ताशी ३६० किमी म्हणजे १०० मी/से, तो सगळा गोळ्याच्या वेगात मिळतो. सोपा मार्ग असा: खरा आकडा काढायच्या फंदात न पडता ए६एम२ आणि ए६एम५ ही दोन्ही विमानं सारख्या वेगाने, सारख्या उंचीवर, उथळ डाइव्हमध्ये एकाच जमिनीवरच्या लक्ष्याकडे न्या आणि ५०० मीटरवर एकच बर्स्ट मारा. चमकेपासून धूळ उडेपर्यंतच्या फ्रेम मोजा. विमानाचा वेग नसता तर ६०० आणि ७५० मधला फरक ६० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये १० फ्रेमचा झाला असता. विमानाचा १०० मी/से दोन्हींत मिळवल्यावर तो सात-आठ फ्रेमवर येतो, हवेचा अडथळा धरून थोडा वाढतो. फरक शून्य किंवा एक-दोन फ्रेमचा आला तर दोन्ही तोफांना एकच काडतूस दिलंय हे नक्की.

नुकसान. बेल्टमध्ये फक्त स्फोटक गोळे ठेवता आले तर तसे ठेवा, नाही जमलं तर बेल्टच्या यादीत स्फोटकाचं प्रमाण बघून घ्या. तेच लक्ष्य, तोच कोन, पंखाचं तेच टोक. ९९-१ आणि ९९-२ च्या स्फोटक गोळ्याचा परिणाम जवळजवळ सारखा यायला हवा. चिलखतभेदी गोळ्यात मात्र फरक दिसलाच पाहिजे: १२८ ग्रॅमला ६०० मी/से ने सुमारे २३ किलोज्यूल ऊर्जा मिळते, ७५० ने ३६. गेम उलटं करत असेल, म्हणजे स्फोटकात मोठा फरक आणि भेदनात काहीच नाही, तर गोळ्याची माहिती चुकीच्या रकान्यात भरलीय.

---

तळटीप

लष्कराच्या बाजूने हो-५ चं लिहितो, कारण तिच्याबद्दल जास्त गैरसमज आहेत.

हो-५ म्हणजे ब्राउनिंगच्या यंत्रणेवरची १२.७ मिमी हो-१०३ मोठी करून केलेली २० मिमी. काडतूस २०×९४, गोळा फक्त ८० ग्रॅमच्या आसपास, स्फोटक ९९ च्या गोळ्याच्या सुमारे निम्मं. पण मारा ७५० ते ८५०, वेग ७५० च्या जवळ, वजन ३७ किलो, आणि यंत्रणा कुलूपबंद असल्याने पात्यांमधूनही मारता येते. की-६१ च्या तेइ प्रकारात ती नाकात बसवण्यासाठी नाकच लांब करावं लागलं. की-८४ मध्ये पंखात दोन, प्रत्येकी १५०, आणि नाकात दोन हो-१०३.

आता सेकंदाचा हिशेब करा. ९९: १२८ ग्रॅम गुणिले मिनिटाला ५००, म्हणजे सेकंदाला १.०७ किलो. हो-५: ७९ ग्रॅम गुणिले ८५०, म्हणजे १.१२ किलो. एकूण मारा सारखाच, वाटणी वेगळी. त्यामुळे गेममध्ये हो-५ चा *प्रत्येक* गोळा ९९ एवढं फोडत असेल तर तो अन्याय दुसऱ्या बाजूने झालाय, आणि आपण जपानी विमानं उडवतो म्हणून त्यावर गप्प बसायचं हे मला पटत नाही.

जर्मन एमजी १५१/२० शी तुलना करणाऱ्यांसाठी: तिचा पातळ भिंतीचा स्फोटक गोळा ९२ ग्रॅमचा आणि आत १८ ग्रॅमच्या वर स्फोटक. मिनिटाला ७०० नेही सेकंदाला दोनशे ग्रॅमहून जास्त स्फोटक जातं, ९९ चं ८० ते ८५. सेकंदाला जाणाऱ्या गोळ्यांचं एकूण वजन सारखं असून स्फोटक अडीचपट, कारण लोखंड कमी आणि स्फोटक जास्त. अशा सुमारे ८०० तोफा पाणबुड्यांनी जपानला पोचल्या आणि की-६१ च्या हेइ प्रकारातल्या ३८८ विमानांच्या पंखात बसल्या, आडव्या करून, कारण उभ्या मावत नव्हत्या. म्हणून गेममध्ये हेइ प्रकार बाकीच्या की-६१ पेक्षा घातक वाटला तर ते बरोबरच आहे.

लष्कराच्या 'मा' मालिकेतल्या स्फोटक गोळ्यांत नंतर फ्यूजच (स्फोट घडवणारी कळ) नव्हता. टोकाशी पोकळी ठेवलेली, धडकेने टोक आत दबलं की स्फोटक पेटतं. परिणाम पत्र्यावरच होतो, खोल शिरून नाही. अशा गोळ्याला फ्यूजचा विलंब देणारा गेम इंजिन आणि टाक्यांचं नुकसान वाढवून दाखवतो.

---

घोडबंदर

तळटीप, हो-३०१ राहिली की. की-४४ च्या पंखातली ४० मिमी, पितळी काडतूसच नाही, दारू गोळ्याच्या बुडातच भरलेली. वेग २४५ मी/से च्या आसपास, मारा ४५०, तोफेमागे दहाच्या आतबाहेर गोळे. म्हणजे ट्रिगर धरला तर सव्वा सेकंदात संपलं. १५० मीटरला गोळा १.८ मीटर खाली येतो, ३०० ला सात मीटरहून जास्त. बॉम्बरच्या पोटाखाली शिरून वर मारा, दुसरी पद्धत नाही.

---

खटका

एक प्रश्न धाग्यावर घ्यायला हवा: युद्धाच्या अखेरच्या काळातली घसरलेली प्रत गेममध्ये आणायची का? हो-५ च्या काडतुसातली दारू शेवटी कमी करावी लागली, कारण पोलादाची प्रत घसरली होती. वेग ७०० च्या जवळ आला. ड्रमवाल्या ९९ मध्ये स्प्रिंगवर ताण, उंचीवर घट्ट होणारं वंगण, हे सगळं खरं आहे.

माझं मत स्पष्ट आहे: वेगाचा बदल वर्षाप्रमाणे द्यावा, कारण तो कागदावर आहे. अडकण्याची शक्यता मात्र सगळ्यांना द्या नाहीतर कुणालाच नको. १९४० मध्ये ब्रिटिशांच्या १९ स्क्वाड्रनच्या कॅननवाल्या स्पिटफायर इतक्या अडकत होत्या की त्यांना परत मशीनगनवाली विमानं द्यावी लागली. अमेरिकन पी-५१बी फायटरच्या तिरक्या बसवलेल्या .५० गन जोरदार वळणात अडकत. फक्त जपानी तोफा अडकतात असा सर्व्हर मी ऐतिहासिक मानणार नाही.

---

सह्यवारा

सहमत. आणि रिपोर्ट टाकताना एक काळजी घ्या. १९४२ च्या अमेरिकन चाचण्यांचे आकडे सगळे देतात, पण अलास्काच्या अकुतान बेटावर हाती लागलेला झीरो ए६एम२ होता, म्हणजे तोफ ९९-१. ते आकडे ए६एम५ च्या रिपोर्टला जोडले की रिपोर्ट बाद होतो आणि पुढच्या खऱ्या तक्रारीकडेही कुणी बघत नाही.

रिपोर्टमध्ये इतकं असावं: आवृत्तीचा क्रमांक, विमानाचा पूर्ण उपप्रकार, बेल्टचं नाव, कन्व्हर्जन्स, मोजलेल्या फ्रेम आणि त्यावरून आलेला आकडा, न कापलेला व्हिडिओ, आणि त्याच सेटिंगवर तुलनेचं दुसरं विमान. 'वाटतं' हा शब्द त्यात नको. एका रिपोर्टमध्ये एकच मुद्दा.

---

मुंग्याची_वाट

शेवटचा प्रश्न. आमचा मराठी गट कोलंबो आणि इम्फाळच्या मिशन बनवतोय. दोन्हीकडे झीरो ठेवू का?

---

निरभ्र

कोलंबोला हो, इम्फाळला नको.

५ एप्रिल १९४२ ला कोलंबोवर आलेली विमानं विमानवाहू जहाजांवरची, नौदलाची. झीरो म्हणजे ए६एम२ मॉडेल २१ च: ९९-१, ६० चा ड्रम. समोर ब्रिटिश हरिकेन आणि फुलमार फायटर. ९ एप्रिलच्या त्रिंकोमालीलाही तेच. तिथे ए६एम३ किंवा ए६एम५ ठेवला तर सात सेकंदांच्या दारूगोळ्याची सगळी शिस्तच जाते, आणि त्या मिशनचा कस त्यातच आहे.

१९४४ च्या इम्फाळवर जपानी लष्कराची विमानं होती. फायटर म्हणून की-४३ ठेवा: नाकात दोन १२.७ मिमी हो-१०३, २० मिमी अजिबात नाही. समोर हरिकेन ठेवताना अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालची भारतीय हवाई दलाची १ क्रमांकाची स्क्वाड्रन घेता येईल, ती तिथेच होती. हो-१०३ ला फ्यूज नसलेले स्फोटक गोळे द्या, मारा सिंक्रोनायझेशन धरून कमी करा, आणि मिशन लावण्याआधी सह्यवारांच्या पद्धतीने एकदा मोजून घ्या. आकडे इथेच टाका, गेमच्या आवृत्तीसकट.